तो वार, ती वार

आमच्या मनोविकार विभागात नर्सिंगच्या नव्या मुली आल्या की पहिल्या दिवशी मी त्यांना फार काही शिकवत नाही. पेशंट भानावर आहे की नाही हे बघायचं असेल तर वार विचारा, जागा विचारा, माणूस विचारा, एवढंच सांगते. पुस्तकात त्याला ओरिएंटेशन म्हणतात. मुली माना डोलावतात, वहीत लिहून घेतात आणि दुसऱ्या दिवशी पेशंटसमोर उभ्या राहून विचारतात, "काका, तुमचं ओरिएंटेशन कसं आहे?" मग माझा पारा चढतो. तो चढायला फारसं काही लागत नाही, हे सगळ्या दवाखान्याला माहीत आहे. "वच्छलाबाईंची ड्युटी आहे" असं एकमेकींना सांगूनच मुली आत शिरतात.

दवाखाना सोलापुरात अक्कलकोट रोडला, एमआयडीसीच्या अलीकडे. टॉवेलच्या कारखान्यांतल्या मागांचा खडखडाट दिवसभर कानावर असतो. माग बंद पडले की आमचे जुने पेशंट म्हणतात, "आज सुट्टीचा वार." कॅलेंडर न बघता वार ओळखणाऱ्या माणसाला मी बेभान कशी म्हणू? अशाला मी पूर्ण मार्क देते.

सोनमला आणलं ते भर दुपारी, टेम्पोतून. नवऱ्यानं, अजिनाथनं, तिला मागून कवेत धरलं होतं. पुढं त्याची आई केराबाई, पदराखाली तान्हं बाळ घेऊन. सांगोल्याकडची ही मेंढपाळ माणसं मेंढरं घेऊन फिरत फिरत होटगीच्या रानात उतरलेली. सोनमच्या अंगावर काळं घोंगडं होतं. डोळे भिरभिरत होते, तोंडाची टकळी चालू होती. मधेच गप्प व्हायची आणि हवेतून काहीतरी चिमटीनं वेचायची.

"काय झालं?" मी विचारलं.

"वारं आलंय अंगात," केराबाई म्हणाली. "देवरुश्याकडं नेऊन आणली. उतरंना."

"बाळंतपण कुठं झालं?"

अजिनाथनं आईकडं बघितलं. आई म्हणाली, "सरकारी दवाखान्यात. समदं येवस्थित झालं की."

डॉक्टर संगमेश तरुण आहेत, मनानं चांगले आहेत आणि कायम घाईत आहेत. त्यांनी तपासलं, ताप बघितला. नव्हता. नाडी जोरात होती, पण दोन माणसांशी झोंबाझोंबी करून आलेल्या बाईची नाडी जोरातच असणार. बाळंतपणानंतर काही बायकांना वेड लागतं. भास होतात, भलतंसलतं मनात येतं, कधी पोराच्या जिवावर उठतात. डॉक्टरांनी तेच निदान लिहिलं. बाळ तिच्याकडं एकटीकडं द्यायचं नाही, झोपेचं इंजेक्शन द्यायचं, नजर ठेवायची. जे सांगितलं गेलं त्यावरून मीही तेच लिहिलं असतं.

अजिनाथ दाराशी घुटमळत राहिला. "शिस्टर, हिचं डोस्कं कायमचं गेलं का?"

"तसं कोण म्हणालं?"

"आय म्हणती, असंच ऱ्हायलं तर म्हायेरी सोडू. येडी बाई मेंढरामागं कशी हिंडायची? पोरगी आमी वाढवू."

मला राग आला. बाईला येऊन तास झाला नव्हता आणि घरच्यांनी तिची वाटणीही करून टाकली होती. बाळ बाहेर लिंबाखाली केराबाईच्या मांडीवर रडत होतं आणि आत त्याच्या आईचं पोलकं दुधानं भिजलं होतं. मी त्याला म्हटलं, "आधी तिला बरी तर होऊ द्या." पण बरी म्हणजे कशानं बरी, हे माझं मलाच उमगत नव्हतं.

सोनमची जबाबदारी मी उत्कर्षाला दिली. उत्कर्षा सोलापुरातलीच, इंग्रजी शाळेत शिकलेली. मराठी बोलते, पण दुसऱ्याच्या घरात वावरावं तशी जपून. मुलगी कामसू आहे, फक्त डोळ्यांत पाणी पटकन येतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्यासमोर ताठ उभी राहिली.

"सिस्टर, पेशंट तिन्हींत नापास."

"दहावीची परीक्षा आहे का ती? नीट सांग."

"माणूस विचारला. नाव सांगते मायाक्का. म्हणजे ती स्वतःला देवी समजते. मोठेपणाचा भ्रम."

भास आणि भ्रम यांतला फरक पोरीला कळला म्हणून मी खूश झाले. भास म्हणजे नसलेलं दिसणं किंवा ऐकू येणं. भ्रम म्हणजे खोटं खरं मानून बसणं. वर्षभर घसा कोरडा करूनही पोरी त्यात घोळ घालतात. मी शाबासकी देणार इतक्यात दारातून अजिनाथ म्हणाला, "म्हायेरचं नाव हाय की ते."

"काय?"

"मायाक्का. लग्नात आमी सोनम ठिवलं. आय म्हणली, देवीच्या नावानं हाका मारून कामं कशी सांगायची? रागं भरायचं तरी कसं?"

उत्कर्षाचा चेहरा पडला. मला हसू आवरेना. नाव विचारलं तर बाईनं आईबापांनी ठेवलेलं नाव सांगितलं आणि आम्ही तिला देव्हाऱ्यात बसवून मोकळ्या झालो. मी म्हटलं, "चला, एक भ्रम कमी झाला. जागेचं काय?"

"जागा विचारली तर वावर म्हणते. 'लिंबाखाली हाय, मेंढरं सुटली, कुत्रं सोडा' म्हणते. पण सिस्टर, मधेच एकदा 'हा दवाखाना हाय' असंही म्हणाली. मला म्हणाली, 'पोरी, पानी दे.' एकदम शहाण्यासारखं. आणि थोड्या वेळानं परत वावर."

हे मला खटकलं. मनाचं दुखणं असं घटकेत उतरत नाही आणि घटकेत चढत नाही. भास होणाऱ्या माणसालासुद्धा आपण दवाखान्यात आहोत हे बहुतेक वेळा ठाऊक असतं. मी डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "इंजेक्शनचा अंमल आहे सिस्टर. कमीजास्त होणारच." तेही बरोबर वाटलं. त्या दिवशी मला प्रत्येकाचंच बरोबर वाटत होतं. असं मला सहसा होत नाही, म्हणून मी आणखीच चिडले.

"आणि वार?" मी उत्कर्षाला विचारलं.

"वार राहिली म्हणते."

"राहिली नाही, राहिला. वार तो."

"ती राहिली म्हणाली. तुम्हीच सांगितलंय ना, पेशंटचे शब्द जसेच्या तसे सांगायचे."

सांगितलं होतं खरं. पेशंट जे बोलतो ते आपल्या भाषेत सारवून-सुरवून सांगायचं नाही, तो बोलला तसंच पुढं द्यायचं, हा माझाच नियम. पण पोरीचं मराठी आधीच नाजूक, त्यामुळं चूक हिचीच असणार असं धरून मी स्वतः सोनमच्या खाटेपाशी गेले.

"मायाक्का," मी हाक मारली. त्या नावाला तिनं मान वळवली. "आज वार कोणता गं?"

तिनं माझं मनगट धरलं. "बाई, आर्धीच पडली. आर्धी ऱ्हायली."

मागं उभा असलेला वॉर्डबॉय सिद्धप्पा म्हणाला, "अर्धा वार म्हणजे शनिवार, सिस्टर! हाफ डे."

सगळे हसले. मीही हसले. सोनम आमच्याकडं आळीपाळीनं बघत राहिली, आणि मग हवेत काहीतरी वेचू लागली.

डॉक्टर संगमेश राउंडला आले तेव्हा त्यांना हे सांगितलं. त्यांनी लगेच उलगडा केला. "सासू वारं-वारं करते ना, तोच शब्द ती उचलते. अंगात आलेलं वारं अर्धं उतरलं, अर्धं राहिलं, असं तिला वाटतंय." उलगडा झकास होता. फक्त वारं म्हटलं की ते राहिलं, आणि ती तर राहिली म्हणत होती. पण व्याकरणासाठी डॉक्टरांना थांबवण्यात अर्थ नव्हता. ते पुढच्या खाटेकडं गेलेही होते.

आम्ही मात्र नियमाला धरून होतो. दर पाळीत कुणी ना कुणी तिच्याजवळ जाऊन वार विचारत होतं, आणि ती दर वेळी तेच सांगत होती. वार ऱ्हायली. आर्धीच पडली. आम्ही दर वेळी तिला नापास करत होतो.

दुसरा वैताग होता वासाचा. सोनमच्या खाटेभोवती उग्र, आंबट-कुजकट वास होता. शेजारच्या खाटेवरची गुरम्मा नाकाला पदर लावून तक्रार करू लागली. सिद्धप्पा म्हणाला, "घोंगडं आहे ना सिस्टर, मेंढरांचा वास येणारच." मलाही पटलं. घोंगडं पिशवीत घालून बाहेर अजिनाथच्या हवाली केलं. सोनमला पुसून घेतलं, दवाखान्याचे कपडे घातले, खाटेखाली फिनाइल मारलं. तासाभरानं वास पुन्हा तस्साच.

"मेंढरांचा वास अंगात मुरतो का हो?" उत्कर्षानं विचारलं.

मी केम गावची. आमच्या दारात शेळ्या असायच्या, आणि मेंढरांचा कळप रानात बसला की त्याचा वास घरात यायचा. लोकरीचा, लेंड्यांचा, ओल्या मातीचा. त्या वासानं मला कधी मळमळलं नव्हतं. "हा मेंढरांचा वास नाही," मी म्हणाले. मग कशाचा, ते सांगता येईना. नाकाला ओळखीचं होतं आणि डोक्याला सापडत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी दुपारी पाळी बदलायची वेळ झाली. खाटेशी उभं राहून उत्कर्षा पुढच्या पाळीच्या सिस्टरला सगळं सांगत होती. "जागेचं भान कमीजास्त. हवेत वेचते. पाणी प्यायली. वार विचारल्यावर म्हणते राहिली, अर्धी पडली. आता म्हणतेय काढा."

माझं डोकं सणकलं. "किती वेळा सांगू गं तुला? वार तो! तो सोमवार, तो मंगळवार. मराठी शाळेतलं पहिलीचं पोरसुद्धा ती वार म्हणणार नाही. ती वार कधी असते का? ती वार म्हणजे..."

आणि मी थांबले.

ती वार म्हणजे काय, हे मला माहीत होतं. शेळी व्याली की पिल्लू उभं राहायच्या आत माझी आई विचारायची, "वार पडली का गं?" पिल्लामागून बाहेर पडतो तो गोळा, ती वार. ती पडेपर्यंत आई गोठ्यातून हलायची नाही. एकदा एका शेळीची अर्धीच पडली होती. चार दिवसांनी तिच्याजवळ जाववत नव्हतं, आणि पाचव्या दिवशी ती गेली. सोनमच्या खाटेपाशी येत होता तो हाच वास.

"सिस्टर?" उत्कर्षा म्हणाली. "काय झालं?"

"प्लॅसेंटा," मी म्हणाले. "वार म्हणजे प्लॅसेंटा. ती आपल्याला सांगतेय."

मी सोनमच्या ओटीपोटावर हात ठेवला आणि ती किंचाळली. चादर बाजूला केली, आणि जे दिसलं त्यावरून आणखी काही विचारायची गरज राहिली नाही. अंग भट्टीसारखं तापलं होतं. उत्कर्षा रडत रडत थर्मामीटर वाचत होती, पण आकडा बरोबर सांगितला. मी डॉक्टरांना हाक मारली, ती बहुतेक एमआयडीसीतल्या मागांवरही ऐकू गेली असेल.

डॉक्टर संगमेश धावत आले. "पण केसपेपरवर दवाखान्यात प्रसूती..."

"केसपेपर राहू द्या सर. पोटाला हात लावून बघा."

त्यांनी लावला, आणि त्यांचा चेहरा उतरला. ते लगेच फोनकडं वळले. मी बाहेर लिंबाखाली गेले.

"केराबाई, खरं सांगा. बाळंतपण कुटं झालं?" माझ्या तोंडात आपसूक केमची बोली आली.

"सांगितलं की, सरकारी..."

"मावशी, पोरगी मरतीया. तुमी खोटं बोललात तरी पोलिसाला मी काय सांगणार न्हाय, पण तिला मी वाचवू शकणार न्हाय. कुटं झालं?"

तिनं बाळाला छातीशी धरलं. "वावरात झालं की वो. गाडी सांगितली व्हती, पर गाडी यायच्या आदीच झालं. दवाखान्यातलं बाळंतपण न्हाय म्हणल्यावर समदीजण आमालाच बोलत्याती, म्हणून खोटं सांगितलं."

"वार पडली का?"

"पडली. पुरली की मी."

"समदी पडली का? बघितली का नीट?"

तिनं बाळाचं दुपटं सारखं केलं. मग हळूच म्हणाली, "ती म्हणत व्हती, आत्याबाई, आजून हाय. म्या म्हणलं, पैलटकरीण हाय, हिला काय कळतंय."

"आणि ताप? आणलीत तेव्हा ताप नव्हता तिला."

केराबाईनं कनवटीला हात घातला आणि गोळ्यांची चुरगळलेली, रिकामी झालेली पट्टी काढून दाखवली. तापाच्या गोळ्या. वाटेत टेम्पोत एक दिली होती, आणि नंतर चहा पाजायला म्हणून आत यायची तेव्हा चहातून. "ताप हाय म्हणलं की मोठ्या दवाखान्यात धाडत्यात, मंग वावरातलं बाळंतपण उघडं पडतंय, म्हणून."

मला तिला फाडून खावंसं वाटलं. पण तिच्या हातांत बाळ होतं. "आत चला," एवढंच म्हणाले, "आणि हे सगळं डॉक्टरांना सांगा. एक शब्द गाळू नका."

अँब्युलन्स आली. सलाईनची बाटली डॉक्टर संगमेशांनी स्वतः हातात धरली होती. सोनमला चढवताना ते मला म्हणाले, "वेड नव्हतंच सिस्टर. विष रक्तात भिनलं, त्यानं मेंदू भरकटला. डिलिरियम." आमच्या गावाकडं त्याला वात म्हणतात. तापात माणूस बडबडायला लागला की वात झाला म्हणायचं आणि आधी ताप कशाचा ते शोधायचं. मनाचं दुखणं म्हणायच्या आधी शरीराचं बघून घ्यायचं, हा आमच्या पुस्तकातला अगदी पहिला धडा. आम्ही तो केला होता, आणि केराबाईच्या चहात तो विरघळून गेला होता.

त्यानंतरचे दोन-तीन दिवस मी कुणाशी धड बोलले नाही. मी घाबरले होते. मोठ्या दवाखान्यात फोन केला की एकदा म्हणायचे, "गर्भपिशवी साफ केली, बघू." एकदा म्हणायचे, "ताप हटत नाही." उत्कर्षा पेशंटना वार विचारायची ते खाली मान घालून, आणि उत्तर आलं की विचारायची, "म्हणजे नक्की कसला वार?" मुली हसल्या. मी हसले नाही.

मग एक दिवस अजिनाथचा फोन आला. "शिस्टर, उठून बसलीया. पोरीला अंगावर घेतलंया." मी भर वॉर्डात खाली बसले आणि पदरानं डोळे पुसले. सिद्धप्पा गडबडून पाणी घेऊन आला.

उत्कर्षाला घेऊन मी तिला बघायला गेले. बाई ओळखू येत नव्हती. केस विंचरलेले, डोळे एका जागी, मांडीवर पोरगी. केराबाई पायाशी बसली होती, आम्हाला बघून उठून उभी राहिली.

"ओळखलंस का?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि लाजून मान हलवली. न्हाय. तिला टेम्पो आठवत नव्हता, आमचा वॉर्ड आठवत नव्हता, हवेत वेचलेलं आठवत नव्हतं. मी म्हटलं, "असू दे. आम्ही तुला सारखं विचारायचो, मायाक्का, आज वार कोणता..."

तिचे डोळे लकाकले. "वार इचारनाऱ्या बाई व्हय तुमी!" ती नवऱ्याकडं वळली. "आवो, ह्याच की त्या! म्या सांगितलं न्हाय का तुमाला?"

मग तिनं माझा हात धरला, त्या दिवशी धरला होता तस्सा, फक्त आता त्या पकडीत घाई नव्हती. "बाई, घरात सांगून सांगून दमले मी. कुणी ध्यान दिलं न्हाय. आत्याबाई म्हणल्या, गप पड. मंग मला काय बी कळंना, कुटं हाय, कोन हाय. पर एक कळत व्हतं. जी बाई यायची ती वार इचारायची. सकाळची बी, दुपारची बी. मला वाटलं, हितल्या बायांस्नी कळतंय. त्या काढतील. मंग म्या जीव धरून ऱ्हायले."

उत्कर्षानं माझ्याकडं बघितलं. तिचे डोळे भरले होते, आणि या वेळी मला त्याचा राग आला नाही. पेशंटशी खोटं बोलायचं नाही, हे मीच शिकवते. ज्या आधारावर पेशंट तगून राहिला तो काढून घ्यायचा नाही, हेही मीच शिकवते. आता यातलं कुठलं खरं धरायचं ते मला कळेना. मायाक्का माझ्या तोंडाकडं बघत होती. बाळ चुळबुळलं तसं तिनं त्याला सारखं केलं, पण माझा हात सोडला नाही.

"व्हय गं," मी म्हणाले. "इचारत व्हतो की आमी."